नानांची विलायती, सासऱ्यांची अँबेसिडर

मला बघायला देवासहून मंडळी धारला आली, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी माझ्याआधी आमची गाडी बघितली. बैठकीत चहा निवत होता आणि ते नानांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बोनेट उघडून उभे होते. शेवटी मीच चहाचा ट्रे घेऊन शेडपर्यंत गेले. सासऱ्यांनी कप उचलला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि नानांना विचारलं, ब्रेक केबलवर चालतात का. नाना म्हणाले, केबल आणि सळ्या दोन्ही. तेल नाही, पाइप नाही, त्यामुळे गळण्यासारखं काही नाही. सासरे म्हणाले, गळणारे ब्रेक परवडले, निदान गळतात ते दिसतं. दोघं हसले. माझं लग्न बहुधा तिथेच ठरलं.

नाना सिंचन खात्यात ओव्हरसियर होते. त्यांचे वडील धार संस्थानच्या कचेरीत कारकून होते. संस्थान विलीन झालं आणि मोटारखान्यातल्या गाड्या विक्रीला निघाल्या, तेव्हा सगळ्यात छोटी आजोबांनी घेतली. काळी, चार दारांची, इंग्लंडात बनलेली, स्वातंत्र्याच्या आधीची. आमच्या घरी तिला विलायतीच म्हणत. ती उंच आणि अरुंद होती. चाकांना सायकलसारख्या तारा होत्या. मागची दारं उलटी उघडत. पुढची काच स्क्रू फिरवला की खालून बाहेर ढकलली जाई आणि सगळा वारा तोंडावर येई. वळायचं असलं की दोन दारांमधल्या फटीतून एक छोटा पिवळा हात बाहेर पडे. तो कधी पडे, कधी पडत नसे. मग नाना स्वतःचा हात बाहेर काढत.

सासरे देवासच्या एका कारखान्यात मशीन शॉपचे फोरमन होते. त्यांची अँबेसिडर ऐंशीच्या दशकातली, पांढरी, नंबर लावून वाट पाहून घेतलेली. तिचा गियर स्टेअरिंगला लागून होता आणि पुढचं सीट बाकासारखं अखंड, त्यामुळे पुढेच तीन माणसं बसत आणि सणासुदीला चार. तिचा कुठलाही भाग कुठेही मिळे. सासरे सांगत, सोनकच्छच्या बस स्टँडसमोर पानवाल्याच्या शेजारी बसणारा मिस्त्रीसुद्धा ही गाडी डोळे मिटून खोलतो.

दोन्ही गाड्यांत मी खूप बसले आहे, म्हणून सांगते. विलायतीत बसलं की रस्त्यावरचा प्रत्येक दगड पाठीला कळायचा. चढ आला की इंजिनाचा आवाज बदले आणि आपणही नकळत पुढे झुकत असू. नाना दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरत आणि गाडी चालवताना बोलत नसत. अँबेसिडरमध्ये रस्ता कुठेतरी खाली, लांब चालला आहे असं वाटे. सासरे एक कोपर खिडकीवर टेकवून चालवत, गाणी म्हणत, मागे वळून गप्पा मारत. नानांचं म्हणणं होतं की गाडीने माणसाला सावध ठेवलं पाहिजे. सासऱ्यांचं म्हणणं, गाडीने माणसाच्या चुका पोटात घातल्या पाहिजेत. हा वाद वीस-बावीस वर्षं चालला. दिवाळीला, रंगपंचमीला, माझ्या मुलीच्या बारशाला. मला तो ऐकायला आवडत असे. माहेर आणि सासर एकमेकांशी भांडताहेत आणि दोघंही मजेत आहेत, असं सुख किती बायकांना मिळतं.

दोन्ही गाड्या एकाच दिवशी एकाच रस्त्यावर चालवून बघायच्या, ही कल्पना सासऱ्यांची. त्यांना सत्तरावं लागलं होतं, नाना चौऱ्याहत्तरचे. माझी आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि नाना एकटेच राहत. मुलगी पुण्याला शिकायला गेलेली. धारहून मांडूला जायचं, जेवायचं, परत यायचं, असं ठरलं. संक्रांत होऊन गेली होती. शनिवारी आम्ही अँबेसिडरने धारला मुक्कामाला आलो: सासू-सासरे, नवरा आणि मी.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले, तर नाना पोत्यावर उताणे होऊन गाडीखाली शिरलेले. बाहेर आले, चिंधीला हात पुसले आणि हळूच म्हणाले, मागच्या चाकांचे ब्रेक नीट धरत नाहीयेत, एक पिन झिजली आहे, महिना झाला बघतोय. तशी पिन आता कुठे मिळत नाही. लेथवर करून घ्यावी लागेल. मी म्हटलं, मग एकाच गाडीने जाऊ या. नानांनी चहाचा घोट घेतला.

"व्याह्यांना काय सांगू? उतारावर गियरमध्ये घेईन. तू कुणाला बोलू नकोस."

मी बोलले नाही. उलट मला बरं वाटलं. आई गेल्यापासून नाना मला काही सांगत नसत. त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट विश्वासाने सांगितली, एवढंच माझ्या मनात राहिलं.

मी नानांच्या शेजारी बसले, बाकीचे तिघं अँबेसिडरमध्ये. जाताना विलायती छान चालली. घाटात एकदा पाणी उकळलं, तर सासऱ्यांनीच आपल्या डिकीतला कॅन आणून दिला आणि थट्टा केली नाही. मांडूत एका ढाब्यावर आम्ही दाल-पानिये, म्हणजे डाळ आणि पानांत भाजलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या, खाल्ले. हात धुऊन आल्यावर सासरे नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मानलं व्याही. म्हातारी चढली." नाना लाजल्यासारखे हसले. आई गेल्यानंतर त्यांना तसं हसताना मी त्या दिवशीच पाहिलं.

परतताना अँबेसिडर पुढे होती. मांडूच्या जुन्या तटाच्या दरवाज्यांखालच्या उतारावर ती वळणाआड गेली. आम्ही दुसऱ्या गियरमध्ये हळूहळू उतरत होतो. उतार वाढला तसा नानांनी पहिला गियर टाकायला घेतला. त्या गाडीचा पहिला गियर चालत्या गाडीत घालणं अवघड. क्लच दोनदा दाबावा लागे, मध्ये ॲक्सिलरेटर द्यावा लागे. दात घासल्याचा आवाज झाला आणि गियर बसला नाही. दुसराही निघून गेला होता. नानांनी ब्रेक दाबला आणि त्यांचा पाय खाली गेला तो तसाच गेला. हँडब्रेक ओढला, तोही त्याच मागच्या चाकांचा. वेग फार नव्हता. उतारावर सायकल जाते तेवढाच.

वळणावर अँबेसिडर उभी होती, अर्धी रस्त्यावर. डाव्या बाजूला एक म्हातारी मांडूची चिंच विकायला बसली होती, त्या भोपळ्यासारख्या मोठ्या फळांचा ढीग मांडून. सासूबाईंना ती हवी होती. नवरा फळांची पिशवी ठेवायला डिकी उघडून, आमच्याकडे पाठ करून उभा होता. डावीकडे म्हातारी, उजवीकडे खोल दरी. नानांनी हॉर्न दाबला. तो विलायतीचा हॉर्न, घरातल्या मांजरालाही हलवत नसे. नवऱ्याने मान वळवली. मी तोंड उघडलं होतं हे मला आठवतं, पण आवाज निघाला नाही.

धक्का बसला तो फार मोठा नव्हता. माझं कपाळ काचेला लागलं, एवढंच. नवरा दोन बंपरांच्या मध्ये उभा होता. तो ओरडलाही नाही. अगदी शांतपणे म्हणाला, "गाडी पुढे घ्या." सासऱ्यांनी इंजिन चालू केलं, गाडी हातभर पुढे गेली आणि तो खाली पडला.

चिंचवाल्या म्हातारीने आपल्या डोक्यावरची ओढणी काढून त्याच्या उजव्या मांडीला आवळून बांधली. डॉक्टर नंतर म्हणाले की तेवढ्यामुळे तो वाचला. आम्ही त्याला अँबेसिडरच्या मागच्या सीटवर आडवा घातला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सासरे गाडी चालवत होते आणि सासूबाई पुढे बसून देवाचं नाव घेत होत्या. मी एकदाच मागच्या काचेतून बघितलं. नाना आपल्या गाडीच्या दाराला धरून उभे होते. आमच्यापैकी कुणीही त्यांना चला म्हणालं नव्हतं.

धारच्या दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आला. नाना अजून पोचले नव्हते. बाकावर मी आणि सासरे. त्याने मला विचारलं, "गाड़ी के ब्रेक ठीक थे?"

मी म्हटलं, "ठीक थे. अचानक टूट गए."

सासऱ्यांच्या शर्टाला रक्त लागलं होतं. ते मान खाली घालूनच म्हणाले, "पुरानी गाड़ी है साहब. अचानक ही होता है." त्यांना काही ठाऊक नव्हतं. माझ्या शब्दावर त्यांनी माझ्या वडिलांची बाजू घेतली होती. पोलिसाने लिहून घेतलं. नवऱ्यानेही पुढे कुणाविरुद्ध तक्रार नाही असं लिहून दिलं आणि प्रकरण कागदावर मिटलं.

तिसऱ्या दिवशी इंदूरला त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला.

माझा नवरा शेतीचे पंप आणि पाइप विकायचं काम करायचा. मोटरसायकलवर सोनकच्छ, पीपलरावां, आसपासची सगळी खेडी. लोक त्याला भिया, म्हणजे भाऊ, म्हणत, त्याला जेवल्याशिवाय सोडत नसत. पाय गेल्यावर मालकाने त्याला देवासच्या दुकानात काउंटरवर बसवलं. पहिले काही आठवडे खेड्यांतून माणसं भेटायला येत, हरभरे, गूळ घेऊन येत. मग येईनाशी झाली. घरी आला की तो खाटेवर बसून, जिथे पाय नव्हता तिथली चादर चोळत बसे. बोटं दुखतात, म्हणायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं असं होतं म्हणून, तरी मला ते बघवत नसे. मी शाळेत गणित शिकवते. त्या दिवसांत मी शाळेतून घरी यायला जितका उशीर करता येईल तितका करत होते, हे आज लिहायला मला लाज वाटते.

सासऱ्यांनी माझ्यासमोर नानांना कधी दोष दिला नाही. पण जेवताना ते मध्येच थांबत आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणत, सळई अशी अचानक तुटत नाही. आधी झिजते. चाळीस वर्षं मी लोखंडच बघितलं आहे. काहीतरी आधी कळायला हवं होतं. मी ताटात बघत राही. पोळी पुढे सरकवत राही. असे चार महिने गेले.

नाना या चार महिन्यांत एकदाही देवासला आले नाहीत. मी धारला गेले, तेव्हा शेडमध्ये विलायती नव्हती. तिचे तुकडे होते. नानांनी स्वतःच्या हाताने सगळी गाडी खोलली होती. जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून नट, बोल्ट, स्प्रिंगा, सळ्या ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली आणि तीवर नानांचं सरळ, जुन्या वळणाचं अक्षर. शेजारची बाई मला म्हणाली, तुझे वडील दिवसभर तिथेच असतात, जेवायला बोलावलं तरी येत नाहीत. मी नानांना विचारलं, हे कशासाठी. म्हणाले, बघतोय.

वैशाखात एका रविवारी ते न कळवता देवासला आले. बसने, इंदूरला गाडी बदलून. दारात उभे राहिले तेव्हा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. सासऱ्यांनी दार उघडलं आणि "या" म्हटलं. पाणी दिलं. नवरा खाटेवर होता. नाना त्याच्यासमोर खुर्चीवर बसले, खिशातून रुमाल काढला आणि उलगडून खाटेवर ठेवला.

"ही मागच्या ब्रेकची पिन. पेन्सिलीएवढी जाड असायला हवी. बघा किती उरली आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "मला महिनाभर आधीपासून माहीत होतं."

सासऱ्यांनी सवयीने पिन उचलली. चष्मा लावला, खिडकीपाशी गेले आणि दोन बोटांत फिरवून बघितली. मग वळून त्यांनी जे विचारलं, त्याची मी अपेक्षा केली नव्हती.

"माहीत होतं, आणि पोरीला शेजारी बसवलंत?"

नाना रिकाम्या रुमालाची टोकं सरळ करू लागले. मला ते सहन झालं नाही, की त्या प्रश्नातली माझी काळजी सहन झाली नाही, मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, "मलाही माहीत होतं. सकाळी नानांनी सांगितलं होतं."

सासूबाई उठल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. सासऱ्यांनी पिन परत रुमालावर ठेवली. "पोलिसापुढे मी तुझ्या शब्दावर बोललो होतो," एवढंच म्हणाले आणि तेही आत गेले.

नवरा माझ्याकडे बघत होता. रागाने नाही, एखादा हिशेब चुकला कुठे ते शोधावं तसा. "तू ढाब्यावर जरी सांगितलं असतंस," तो म्हणाला, "तरी मी गाडीच्या मागे उभा राहिलो नसतो."

मग तो नानांकडे वळला आणि म्हणाला, "ऊन फार आहे. जेवून जा." नाना जेवले नाहीत. मी त्यांना बस स्टँडवर सोडायला गेले. बसमध्ये चढताना ते म्हणाले, तू बोलायला नको होतंस, मी एकट्याने घेतलं असतं.

पुढच्या हिवाळ्यात नाना गेले. सकाळी शेजारची बाई दूध द्यायला गेली, तर ते शेडमधल्या खुर्चीत बसल्या जागी गेलेले. तेराव्याला सासरे धारला आले, अँबेसिडर न काढता, बसने. पंगतीत जेवले, माझ्या मावशीची चौकशी केली. शेडकडे गेले नाहीत.

तुकड्यांचं काय करायचं मला कळत नव्हतं. इंदूरचा एक गृहस्थ आला, जुन्या गाड्या जमवणारा. तो नानांच्या चिठ्ठ्या वाचत बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मराठी त्याला अडखळत वाचता येई. म्हणाला, ताई, असं काम मी बघितलं नाही, ही गाडी कुणीही परत जोडू शकेल. टेम्पो भरून त्याने सगळं नेलं. दोन वर्षांनी त्याने मला फोनवर फोटो पाठवला. विलायती उभी होती, मरून रंगाची, फुलांच्या माळा घातलेली, कुठल्याशा मिरवणुकीत, बाजूला फेटा बांधलेली माणसं. मी तो फोटो घरात कुणाला दाखवला नाही.

अँबेसिडर आमच्याकडेच राहिली. तिला त्या दिवशी मागे एक पोचा आला होता, तो ठोकून काढला. मागच्या सीटचं कव्हर बदललं. सासरे तीतूनच मुलाला कृत्रिम पायाच्या मापाला इंदूरला नेत, पण आता दोन्ही हात स्टेअरिंगवर असत आणि गाणी बंद झाली होती. मग कागदांचा प्रश्न आला. नवीन नियमाने पन्नास वर्षांच्या वरची गाडी वारसा ठरते, तिला वेगळा नंबर मिळतो. आमची चाळीसच्या पुढे होती. तिला फिटनेस मिळेना, तपासणाऱ्याने चेसिसला लागलेला गंज दाखवला. एका दुपारी क्रेन आली आणि तिला पुढून उचलून भंगारात घेऊन गेली. सासरे बाहेर आले नाहीत. गल्लीतल्या लोकांनी मात्र फोटो काढले.

या सगळ्यानंतर, एकदा, नवऱ्याचा नवीन पाय बसवायला मी मदत करत होते. पट्टा आवळताना तो सहज बोलल्यासारखा म्हणाला, त्या वळणावर मी बाबांना म्हटलं होतं, गाडी पुढे घ्या, इथे वळण आहे. ते म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे.

माझे हात थांबले. मी विचारलं, नाना आले होते त्या दिवशी हे का सांगितलं नाहीस. नानांना थोडं तरी हलकं झालं असतं.

"बाबांना ते रोज आठवतं," तो म्हणाला. "मी कशाला सांगू."

मला त्याचा राग आला, आणि तो राग पूर्ण गेला आहे असं मी म्हणणार नाही. नाना सगळं आपल्या एकट्याचं समजून गेले. पण खरं तर त्याला विचारायचा मला हक्क नव्हता. गप्प राहण्यात मी त्याच्या पुढेच होते.

सासरे आता ऐंशीच्या पुढे आहेत. माझ्याशी कामापुरतं बोलतात: औषध, वर्तमानपत्र, पाण्याचा टँकर. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. आमच्याकडे एक छोटी, विनागियरची गाडी आहे आणि ती मी चालवते. दर दोन-तीन महिन्यांनी पाय दाखवायला आम्ही इंदूरला जातो आणि सासरे हट्टाने बरोबर येतात, मागच्या सीटवर बसतात. मी कुठेही गाडी थांबवली की त्यांचा आवाज येतो, "पुढे घे. अजून पुढे घे." रस्ता सरळ असला, मागे कुणी नसलं, तरीही. मी पुढे घेते. दवाखान्याचं दार त्यामुळे मागे राहतं आणि नवऱ्याला तेवढं जास्त चालावं लागतं.